शालूताईचं बेट

आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. आईनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे कारध्याची वैनगंगा, तीही शालूताईच्या सोयरिकीला गेलो तेव्हा, पुलावरून. तरी दोन-अडीच वर्षं अशी गेली की दिघोरीतल्या आमच्या ओसरीवर भरती-ओहोटीच्या गोष्टी चालायच्या, आणि तांदूळ निवडता निवडता शेजारच्या बाया आईला विचारायच्या की शालूच्या बेटावर पाण्याचं जहाज आलं की नाही. आता माझी साठी उलटली आहे. त्या दिवसांतलं पुष्कळ पुसट झालं. पण कधी न पाहिलेलं ते बेट मला आमच्या गल्लीपेक्षाही नीट आठवतं.

बाबा गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा बाबा मास्तरकीचं शिकत होते, आणि शिकण्यानंच माणूस उभा राहतो हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की घरात कुणी 'ण'च्या जागी 'न' लिहिला तरी त्यांची लाल पेन्सिल बाहेर यायची. मात्र आईला अक्षर येत नव्हतं. लग्नानंतर बाबांनी तिच्यासाठी पाटी आणली होती म्हणे. पण दोन एकर धानाची बांधी, म्हैस, सासूचं दुखणं, आणि मग शालूताईचा जन्म. त्या पाटीवर पुढे शालूताईनंच गिरवलं, आणि तिच्यानंतर नऊ वर्षांनी झालेल्या मीही. सकाळी मला जाग यायची ती आईच्या मुसळाच्या आवाजानं. भात, लाखोरीच्या डाळीचं पातळ वरण, बोडीतले मासे मिळाले तर मासे, नाहीतर अंबाडीची भाजी. बोडी म्हणजे आमच्या भागातलं गावतळं. तिच्या काठावर बसून शालूताई माझे केस विंचरायची आणि गुंता निघाला की मला चिमटा काढायची, म्हणजे केसांचं दुखणं विसरावं. मला आईनं जन्म दिला, पण वाढवलं शालूताईनं. आई बांधीत असायची आणि मी ताईच्या कडेवर.

तिचं लग्न झालं ते कारध्याच्या प्रकाशभाऊजींशी. तुमसरकडे मॅंगनीजच्या खाणी आहेत, तिथे ते यंत्रं दुरुस्त करायचे. शांत माणूस, हातांना कायम ग्रीसचा वास. लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल, त्यांनी बातमी आणली की पॅसिफिक महासागरातल्या एका लहानशा बेटावर खताचा दगड खणतात, तिथल्या यंत्रांवर माणसं हवी आहेत, आणि आपली निवड झाली आहे. बायकोलाही नेता येतं. बाबांनी शाळेतला जगाचा नकाशा घरी आणून ओसरीवर पसरला. चारही कोपऱ्यांवर आम्ही पितळी वाट्या ठेवल्या. बेट काही सापडेना. शेवटी भाऊजींनी सांगितलेल्या अंदाजानं बाबांनी निळ्या पाण्यात शाईचा एक ठिपका काढला. आई वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढुशा ठिपक्यात माही पोरगी मावंल कशी?" बाबा हसले. आई हसली नाही.

तुमसर रोड स्टेशनावर आम्ही त्यांना पोचवायला गेलो. मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे विमान, आणि ते दोनदा बदलायचं. आईनं तांदळाची एक पिशवी आणि लाखोरीची डाळ बांधून दिली होती. ताईनं गाडीच्या खिडकीतून माझा हात धरला आणि सांगितलं, आईची पत्रं आता तू लिहायची, बाबांना लिहायला दिलीस तर ते सगळं शुद्ध करून टाकतील. मी अकरा वर्षांची होते. मला ते काम मिळाल्याचा इतका अभिमान वाटला की गाडी हलली तेव्हा रडायचंही राहून गेलं.

पत्र यायला महिना-दीड महिना लागायचा. निळा पातळ कागद, घडी केली की त्याचंच पाकीट. लाखांदूरकडून पोस्टमन सायकलवर यायचा, आणि पत्र आलं हे आमच्याआधी अर्ध्या गल्लीला कळायचं. दुपारची कामं आटोपून बाया ओसरीवर जमायच्या. आई भिंतीला टेकून बसायची, मी मधोमध, आणि मोठ्यानं वाचायचे.

ताई लिहायची की बेट इतकं लहान आहे की सकाळी सायकलवर निघालं तर काठाकाठानं फिरून जेवणाआधी पुन्हा घरी. रस्ता एकच, गोल. त्याला सुरुवात नाही की शेवट नाही. माणसं सगळी त्या काठाच्या पट्टीत राहतात, नारळांच्या खाली, पत्र्याच्या छपरांत. बेटाचा मधला भाग खणून खणून संपवला आहे. दगड काढून नेल्यावर मागे उभे राहिलेत पांढरे-करडे सुळके, माणसाच्या दुप्पट उंच, आणि त्यांच्यात गवताची काडी नाही. दुपारी तिथून तापलेली हवा वर चढते आणि आलेला ढगही बाजूला सरकतो, असं तिथले लोक सांगतात. तिथे नदी नाही, ओढा नाही. मध्ये एक तळं आहे, आपल्या बोडीएवढं, पण त्याचं पाणी मचूळ. पावसाचं पाणी छपरावरून टाकीत धरायचं. पाऊस नाही आला तर दूरच्या देशातून जहाज पाणी आणतं. काठाशी समुद्र एकदम खोल, जहाजाला नांगर टाकायला तळ लागत नाही. लाटा मोठ्या असल्या की ते समोर दिसत असतं आणि चार-चार दिवस जवळ येऊ शकत नाही. ओहोटी लागली की काठाचा खडक उघडा पडतो. मग बायका-पोरं टोपल्या घेऊन त्यावर चालत जातात, डबक्यांत अडकलेले मासे आणि शिंपले वेचतात. केवड्यासारखं एक झाड आहे, त्याचं फळ चोखून खातात. पुरुष काळे मोठे समुद्रपक्षी पाळतात, त्यांना काठीवर बसवून मासे भरवतात. रविवारी सगळं बेट चर्चमध्ये जातं आणि ते गाणं इतकं भरून येतं की घरात भांडी घासता घासता हात थांबतो. तुमचा सकाळचा चहा होतो तेव्हा इथे जेवणं चाललेली असतात, असंही तिनं लिहिलं होतं. त्यानंतर आई चहा गाळताना हमखास म्हणायची, शालू जेवत असेल आता.

शेजारी एलिझा नावाची धिप्पाड बाई राहायची. ती शालूताईला 'सालू' म्हणायची, नारळाच्या झावळ्यांच्या चटया विणायला शिकवायची. ताईनं तिला लाखोरीचं वरण खाऊ घातलं तर तिनं वाटी चाटली. ही गोष्ट आईनं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

एका उन्हाळ्यात ताईचं पत्र आलं की पाऊस नाही, जहाजही नाही, घरटी दोन बादल्या पाणी मिळतं आणि अंगाला मिठाचा चिकटा जात नाही. मी ते वाचलं, आणि आई दोन दिवस नीट जेवली नाही. रांजणातून पाणी घेताना तिचा हात थांबायचा. तेव्हा बाबांनी मला शाळेच्या पायरीवर बसवून समजावलं. पत्र आधी तू मनात वाचत जा, आईला झेपेल तेवढंच मोठ्यानं वाच. पोरगी तिथे, हिनं इथे झुरून काय होणार, असं ते म्हणाले. त्यात दुष्टपणा नव्हता. मला ते शहाणपणाचं वाटलं, आणि मोठ्या माणसांच्या कटात घेतल्यासारखंही. मी गाळायला शिकले. अडखळायचं नाही, डोळा खालच्या ओळीवर आधीच न्यायचा, आणि मोकळी जागा राहिली तर एखादा मासा, एखादं नारळाचं झाड आपल्याच मनानं घालायचं. मी ते किती सफाईनं करायचे हे आज आठवलं की माझं मलाच भय वाटतं.

मी तेरा वर्षांची झाले त्या पावसाळ्यात, रोवणा चालू असताना, म्हणजे धानाची रोपं बांधीत लावण्याच्या दिवसांत, ताईचं पत्र आलं की तिला दिवस गेलेत. मी ते आधी मनात वाचलं. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं: 'आई, मले इथं भीती वाटते. पाणी पुरत नाही आणि बोलायले आपलं कोणी नाही. यांना सुट्टी नाही, पण मी एकटी यायले तयार आहे. तू फक्त ये म्हण.' त्या दिवशी आई अंगात ताप असून बांधीतून आली होती. ओसरीवर बाया होत्या. मी बाळाची बातमी वाचली, एलिझाबाईनं टोपडं विणायला घेतल्याचं वाचलं, आणि शेवटच्या ओळी गाळल्या. बाबा तेव्हा शाळेत होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. ते गाळणं माझं.

पण आईला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे तिला माहीतच होतं. रात्रीची जेवणं व्हायच्या आत तिनं मला वही घेऊन बसवलं आणि म्हणाली, "लिही. शालू, तू निघून ये. जवाईबापूले सुट्टी नसन तर एकटी ये. मी तुले आणाले स्टेशनावर येतो." मी तसंच लिहिलं. पत्राखाली आई नेहमी आपल्या हातानं तीन उभ्या रेघा काढायची, ती तिची सही. त्या दिवशीही तिनं काढल्या, जोर देऊन, इतका की कागद जरा फाटला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ते पत्र वाचलं. पोटुशी पोरगी, तीन विमानं, परकी भाषा, वाटेत काही झालं तर कोण? तिथे दवाखाना आहे, डॉक्टर आहे. आपल्या गावात पावसाळ्यात बैलगाडीनं न्यायचं म्हटलं तर चिखलात चाक रुततं. त्यांनी ते सगळं मला शांतपणे सांगितलं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. मग त्यांनी नवा कागद दिला. मी लिहिलं की प्रवास करू नकोस, तिथेच राहा, तब्येतीला जप, आईही हेच म्हणते. मी थांबले. खाली रेघा नव्हत्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बाहेर पाहत म्हणाले, "काढ." मी तीन उभ्या रेघा काढल्या. आईच्या रेघा जरा उजवीकडे कलायच्या. मी त्याही तशाच कलत्या काढल्या.

पत्र गेलं. आई तयारीला लागली. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, सुंठ कुटून ठेवली, डिंक आणला. कोपऱ्यातली खोली सारवली आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा सारवली. धान कापून झाले. शालूला निघायला पाहिजे होतं आता, असं ती म्हणायची, आणि बाबा म्हणायचे, पत्र येईल. मी अभ्यासाला बसायचे आणि एकही अक्षर दिसायचं नाही.

पत्राआधी तार आली. खळ्यात धानाची मळणी चालली होती. पोस्टमननं सायकल लांबच टेकवली आणि तार बाबांच्या हातात दिली. मुलगी झाली होती, सुखरूप होती. शालूताई बाळंतपणानंतर दोन दिवसांनी गेली. रक्त थांबलं नाही, हे नंतर कळलं. बाबा खळ्यात खाली बसले. त्यांना उठवायला दोन माणसं लागली. आई रडली नाही. तिनं बैल थांबवले, त्यांच्या गळ्यातले दोर सोडले, आणि घराकडे चालू लागली. घरी गेल्यावर तिनं त्या सारवलेल्या खोलीचं दार ओढून घेतलं.

भाऊजी चार महिन्यांनी आले, कडेवर सुजाता. ताईनं पोटातल्या बाळासाठी हेच नाव ठरवून ठेवलं होतं. तितके महिने एलिझाबाईनं तिला आपल्या लेकराबरोबर अंगावर पाजलं होतं. भाऊजी अर्धे झाले होते. त्यांनी सांगितलं की ताईला तिथेच समुद्राच्या काठाला ठेवलं, आणि बेटावरच्या लोकांनी आपल्या माणसासारखं तिच्यासाठी गाणं म्हटलं. आईनं सुजाताला मांडीवर घेतलं, तिचे पाय हातात धरून पाहिले. मग मान वर न करता विचारलं, "जवाईबापू, ते निघाली काहून नाही? मी तं तिले बोलावलं होतं."

भाऊजी गोंधळले. म्हणाले, "आई, ते तुमच्याच बोलावण्याची वाट पाहत होती. तुमचं पत्र आलं, त्यात तिथंच राहा म्हून लिहिलं होतं. दिवसभर ते पत्र हातात घेऊन बसली. मंग म्हणाली, आईच म्हणते तं राहतो."

आईनं आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाबांनी तोंडावर हात धरला होता. आईनं सुजाताला उचललं आणि दूध तापवायला आत गेली. मला वाटलं होतं ती ओरडेल, मारेल. त्यानंतर कित्येक वर्षं मला वाटत राहिलं की तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं.

भाऊजी ताईची पेटी आणि सुजाताला आमच्याकडे ठेवून बेटावरचा उरलेला करार पुरा करायला गेले. पुढे ते तुमसरलाच परतले, दुसरं लग्न केलं, आणि दर दिवाळीच्या सुट्टीत लेकीला भेटायला येत राहिले. पेटीत आमची सगळी पत्रं होती. ताईची पत्रं आईच्या फळीवर होती. आईनं दोन्ही एकत्र बांधली आणि मला काहीच वाचायला सांगितलं नाही. त्या दिवसांत गावोगाव प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले होते. आमच्याकडे बायांचा वर्ग दुपारी विहारात भरायचा. एके दिवशी आई सुजाताला कडेवर घेऊन तिथे जाऊन बसली. मास्तराची बायको आता शिकते, म्हणून बाया हसल्या. बाबा एकदा म्हणाले, मी शिकवतो ना. आईनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, नको. ती त्यांना शेवटपर्यंत वेळेवर वाढत होती, त्यांच्या खोकल्याला काढा करून देत होती. पण अक्षर तिनं त्यांच्याकडून घेतलं नाही. बाबांची लाल पेन्सिल मी पुन्हा पाहिली नाही. शाळा सुटली की ते सुजाताला घेऊन बोडीच्या काठानं फिरायचे आणि तिच्याशी एकटेच काहीतरी बोलत राहायचे.

आईला वाचता यायला दीड वर्ष लागलं. मी तिला चुलीपाशी जमिनीवर राखेनं 'श' काढताना पाहायचे, मग 'शा', मग 'शालू'. ती कुठे पोचणार हे मला माहीत होतं. मी दहावीत होते. एका दुपारी तिनं मला हाक मारली. तिच्या मांडीवर तो निळा कागद होता. ओळीखाली बोट ठेवून ती एकेक अक्षर जोडत वाचू लागली. "आई, म-ले इ-थं भी-ती..." शेवटपर्यंत वाचलं. मध्ये थांबली, पण मदत मागितली नाही. मग विचारलं, "असंच हाय ना?"

मी हो म्हणाले.

"हे तू वाचलं नव्हतं."

"नाही."

"बाबानं सांगितलं होतं?"

हो म्हणता आलं असतं. बाबा त्या वेळी ओसरीवर होते, त्यांना ऐकू येत होतं, आणि त्यांनी ते निमूट घेतलं असतं हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "नाही. ते मीच गाळलं. रेघाही मीच काढल्या होत्या."

आईनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "तेरा वर्साची होती तू." ती माफी होती की नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही. कारण त्यानंतर घरात कसलंही पत्र आलं, लग्नाची पत्रिका आली, तरी ती माझ्या हातून घ्यायची आणि स्वतः वाचायची. मी शिकले, भंडाऱ्याला नोकरीला लागले, पुष्कळ लोकांना पुष्कळ काही वाचून दाखवलं. आईनं मला पुन्हा कधी वाचायला सांगितलं नाही.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी रोवण्याला गावी आले होते. सुजाता आठ वर्षांची असेल. गुडघाभर चिखलात आम्ही तिघी एका ओळीत रोपं लावत होतो. पोरीनं आजीला बेटाविषयी विचारलं, आणि आई सांगू लागली. तो गोल रस्ता, ओहोटीत उघडा पडणारा खडक, काठीवर बसणारे काळे पक्षी, एलिझाबाईनं चाटलेली वाटी. मी गाळलेलंही ती सांगत होती. दोन बादल्या पाणी, मिठाचा चिकटा, आणि तुझ्या मायला तिथे भीती वाटायची, हे सुद्धा. काही राखून ठेवलं नाही. सुजाता हातातली रोपं तशीच धरून ऐकत होती.

"मंग ते घरी काहून नाही आली?" तिनं विचारलं.

माझे हात पाण्यात थांबले. आईनं कंबर सरळ केली आणि नातीकडे पाहिलं.

"आम्ही तिले ये म्हटलं नाही, बाई," ती म्हणाली.

आम्ही, असंच म्हणाली. मग वाकून तिनं पुढचं रोप लावलं, आणि मीही लावलं.